सत् अधिक छिद्र

पोराच्या मराठीच्या चाचणीचा कागद सहीसाठी पुढ्यात आला तेव्हा मी जेवत होतो आणि बोटं वरणानं माखली होती. वीसपैकी चौदा. "सही करायच्या आधी वाचा तरी," बायको म्हणाली. वाचला. संधी सोडवा, पाच शब्द. चार बरोबर आणि पाचव्यावर लाल फुली. शब्द होता 'सच्छिद्र'. चिरंजीवांनी फोड केली होती, सत् + छिद्र. खाली बाईंच्या नेटक्या अक्षरात, 'स + छिद्र, पाच वेळा लिहून आणणे.' पोरगा नववीत आहे, म्हणजे वाद घालायच्या वयात. म्हणाला, "सज्जन म्हणजे सत् अधिक जन. सच्छिष्य म्हणजे सत् अधिक शिष्य. मग सच्छिद्र म्हणजे सत् अधिक छिद्र का नाही?" मी भाताचा घास तोंडात ठेवत म्हटलं, "कारण चांगलं भोक असं काही नसतं जगात." तो दोन क्षण गप्प बसला. मग कोपऱ्यातल्या माठाकडे मान वळवून म्हणाला, "असतं ना पप्पा. आपल्या माठाची तुम्ही बुजवली."

बायको हसली नाही. तेच जास्त लागलं.

माठाची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यात गुन्हेगार मीच आहे. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात तिवईवर माठ असतो. होळी झाली की नवा आणायचा, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, देवापुढची घागर वेगळी. माठ तिथं कायम, म्हणून त्याच्यामागच्या भिंतीवर ओलीचा डागही कायम. आधी बशीएवढा, जूनपर्यंत परातीएवढा. रंगाचे पोपडे धरतात, बोटानं दाबले की पापडासारखे मोडतात. आता माझं दुकान आहे रंगाचं. रंग, पुट्टी, प्रायमर, आणि गेली काही वर्षं सगळ्यात जास्त खपतं ते वॉटरप्रूफिंग. जळगावात लोकांच्या गच्च्या आणि संडासाच्या भिंती कोरड्या करून मी पोट भरतो, आणि माझ्याच स्वयंपाकघरात ओल. पाहुणा आला की त्याची नजर तिकडं जायच्या आत मी विषय काढायचो. गेल्या दिवाळीत घर रंगवलं आणि मार्चमध्ये नवा माठ येताच पुन्हा पहिला ठिपका उमटला, तेव्हा माझं डोकं फिरलं. दुकानात चेपलेल्या डब्यांतला अर्ध्या लिटरचा ऑइल पेंट पडून होता, विटकरी रंगाचा, म्हणजे माठाच्याच रंगाचा. रविवारी दुपारी गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं आणि माठाला बाहेरून दोन हात मारले. आत ब्रश लावला नाही, एवढी अक्कल होती. पहिला हात लावला तेव्हा गंमत वाटली होती ती आठवते. ब्रश टेकला की रंग पसरायच्या आतच आत जायचा, ओढून घेतल्यासारखा. भिंतीच्या दुप्पट रंग त्या एवढ्याशा माठानं खाल्ला. दुसऱ्या हाताला मात्र कसा गुळगुळीत, चकचकीत झाला. तीन दिवस वास जाईपर्यंत थांबलो, धुतला, भरला, तिवईवर ठेवला. खाली थेंब नाही, मागे ओल नाही. मी त्याचा फोटोसुद्धा काढला.

पाणी मात्र नळाच्या पाण्यासारखं. एप्रिल लागला, पारा त्रेचाळिसावर गेला आणि माठातलं पाणी प्यायलं की तोंड धुतल्याचा भास व्हायला लागला. बायको काही बोलली नाही. तिनं फक्त फ्रिजमध्ये बाटल्या भरून ठेवायला सुरुवात केली.

आता यातलं विज्ञान मला येत नव्हतं असं नाही. शाळेत शिकलोय, पोराला शिकवलंय. माठाच्या अंगातून पाणी बाहेर येतं, तिथं त्याची वाफ होते, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता ते आतल्या पाण्यातून घेतं. एका ग्रॅम पाण्यामागे साधारण ५८० कॅलरी. पेलाभर पाणी असं उडून गेलं की मागे राहिलेल्या हंडाभर पाण्याचा ताप बऱ्यापैकी उतरतो. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा एवढी कोरडी की दोरीवरचा टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो. म्हणून खान्देशातला माठ जसा गार होतो तसा मुंबईतला होत नाही. माझी बहीण डोंबिवलीला असते, दर वर्षी इकडून माठ नेते आणि दर वर्षी म्हणते, तिथं याला काय होतं कळत नाही. माठाला काही होत नाही, तिथल्या हवेलाच आधी घाम आलेला असतो. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी मी ब्रश हातात घेतला. दुकानात बसून बसून हाताला एकच सवय लागलीय. भोक दिसलं की बुजव.

चाचणीतला प्रश्न डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी दुकानात एक निवृत्त संस्कृतचे सर डिस्टेंपर न्यायला आले, त्यांना सहज विचारलं. त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली, चष्मा काढला, आणि मला कळलं की आता अर्धा तास गेला. म्हणाले, ऱ्हस्व स्वरापुढे छ आला की मध्ये एक च् येतो, पाणिनीचं सूत्रच आहे, 'छे च'. वृक्ष अधिक छाया, वृक्षच्छाया. परि अधिक छेद, परिच्छेद. तसंच स अधिक छिद्र, सच्छिद्र. स म्हणजे सह, छिद्रांसह असलेलं ते. "म्हणजे पोराचं चूकच?" मी विचारलं. सरांनी थोडा विचार केला आणि हसले. म्हणाले, "फोड चूक नाही हो. सत् अधिक छिद्र यांचा संधी केला तर तोही सच्छिद्रच होतो. पण त्या अर्थानं तो शब्द कोणी वापरत नाही. छिद्र आपल्याकडे बदनाम. छिद्रान्वेषी म्हणजे दुसऱ्याचे दोष काढत बसणारा. भोकात चांगलं पाहायची सवय नाही भाषेला." मग डिस्टेंपरचा भाव पाच रुपये कमी करून घेऊन गेले.

सर गेल्यावर मी विचार करत बसलो की हा शब्द मी ऐकतो तरी कुठं. एकोणीस वर्षं काउंटरवर आहे, ओल, गळती आणि पोपडे याखेरीज दिवसभर दुसरं बोलणं नाही, पण 'भाऊ, माझी भिंत सच्छिद्र आहे' असं म्हणणारं गिऱ्हाईक अजून आलं नाही. लोक म्हणतात, भिंत पाणी पिते. भिंत ओल ओढते. स्लॅब पाझरतो. टाकी झिरपते. पायातून ओल चढते. गवंडी म्हणतो, काँक्रीटला जाळी पडली, कोबा पोकळ बोलतो. शेतकरी म्हणतो माती भुसभुशीत झाली, वाफसा आला. घरात धिरड्याला जाळी सुटते. वरण-बट्टीच्या जेवणात बट्टी कुस्करली की ती तूप पिते, किती पिते त्यावरून यजमानाची ऐपत आणि पाहुण्याची भूक दोन्ही कळतात. शाळेत आम्ही वहीवर शाई सांडली की खडूचं टोक टेकवायचो आणि खडूत निळा रंग चढताना बघत बसायचो, त्यालाही म्हणायचो 'खडू शाई पितो'. एकाही वाक्यात भोक नाही. जो तो, ते पाण्याचं काय करतं, एवढंच सांगतो. पितं, ओढतं, गाळतं, मुरवतं, सोडतं. सच्छिद्र म्हणणाऱ्यानं भोकं मोजली, आणि बाकी सगळ्यांनी पाणी कुठं गेलं ते पाहिलं.

हा शब्द आमच्या धंद्यात येतो तो डब्यावरून. कंपनीच्या पत्रकावर बारीक अक्षरात असतं, 'सच्छिद्र पृष्ठभागांवर लावण्यापूर्वी प्रायमरचा वापर करावा'. मिस्तरी मला विचारतो, "हे काय लिव्हलंय भाऊ?" मी सांगतो, "जे रंग पितं ते. त्याला आधी पोटभर पाजून घे, मग रंग दे." त्याला लगेच कळतं. म्हणजे शब्द छापला कंपनीनं आणि त्याचं भाषांतर करायला मी बसलोय, तेही मराठीतून मराठीत.

या पिण्याला मोजमाप आहे, ते मला धंद्यानं शिकवलं. वीट चांगली की वाईट हे बघायला ती २४ तास पाण्यात ठेवतात, आणि साध्या विटेनं स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिता कामा नये. पण अजिबात न पिणारी वीटही कामाची नाही. बांधकामाआधी विटा भिजवतात त्या एवढ्यासाठी की कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि सांधा कच्चा राहतो. भट्टीत जास्त भाजून काच झालेली, वेडीवाकडी, काळीनिळी वीट म्हणजे खंगर. ती भिंतीत चालत नाही, आमच्याकडे न्हाणीत पाय घासायला असायची. उलट आताच्या व्हिट्रिफाइड टाइल, त्या अर्धा टक्काही पाणी पीत नाहीत. डाग पडत नाही, कापडानं पुसली की आरसा. पण हीच टाइल जुन्या पद्धतीनं सिमेंटच्या घोळावर लावली की वर्षभरात फुगून सुटते, कारण तिला धरायला जागाच नसते. सिमेंटचं दूध तिच्या पाठीत शिरत नाही. मग तिच्यासाठी वेगळा गोंद घ्या, जास्तीचे पैसे मोजा. मला काय, मी दोन्ही विकतो.

अशी ही हिशोबाची बुद्धी घेऊन मी माझ्या गावच्या घराकडे बघतो तेव्हा ते घर मला फारच हुशार वाटतं. अमळनेर तालुक्यातलं, बोरी नदीपासून कोसभर आत. मातीचं, धाब्याचं. लाकडी कड्यांवर काटक्या, त्यावर गवत, त्यावर मातीचा जाड थर. मृगाच्या आधी आजोबा बैलगाडी घेऊन जायचे आणि गावाच्या कडेच्या पांढऱ्या टेकाडावरून खारी आणायचे. खारी म्हणजे चोपण, क्षाराची माती. तीत पीक येत नाही, तण येत नाही. ती धाब्यावर पसरायची आणि पहिल्या पावसाची वाट बघायची. पाणी लागलं की ती विरघळल्यासारखी होऊन स्वतःचीच भोकं स्वतः लिंपून घेते, आणि खाली थेंब येत नाही. शेतात जी माती शाप, तीच छपरावर छत्री. आणि त्याच घरात, त्याच खारीखाली, चुलीजवळच्या कोपऱ्यात वाळूच्या ओल्या ढिगावर मडकं, ज्याचं काम पाझरायचं. आजीला 'सच्छिद्र' आणि 'अच्छिद्र' हे दोन्ही शब्द माहीत नव्हते, पण कुठं कुठली माती हे पक्कं माहीत होतं. धाब्यातून एक थेंब पडला की ती आजोबांवर ओरडायची, "घर गयस, खारी टाका!" आणि मडकं वरून कोरडं दिसलं की तिला तेवढीच काळजी. ओल्या हातानं त्याच्या पोटावर चापट मारायची, कान द्यायची आणि म्हणायची, "मडकाले घाम येवाले पाह्यजे, मंग पानी थंडं व्हस." आमच्या अहिराणीत ळ चा य होतो, गळतं चं गयस. आजीच्या बोलीत घर 'गयायचं' आणि मडक्याला 'घाम यायचा'. क्रिया एकच, एकीला शिवी, दुसरीला कौतुक.

त्या घराच्या मागच्या वावरातली जमीन काळी. कापसाची. तिच्याबद्दल मला फार उशिरा एक गोष्ट कळली आणि ती अजून पटत नाही. काळ्या चिकण मातीत पोकळी वाळूपेक्षा जास्त असते. एवढी भोकं, पण इतकी बारीक की पाणी त्यात अडकून बसतं, पुढं सरकत नाही. वाळूत भोकं कमी पण मोठी, म्हणून पाणी धावतं. म्हणजे भोकं असणं वेगळं आणि वाट देणं वेगळं. पुस्तकात याला दोन शब्द आहेत, सच्छिद्र आणि पारगम्य. वडलांना दोन्ही नको होते. ते म्हणायचे, ही जमीन पाणी धरते, ती जमीन पाणी सोडते. मे महिन्यात आमच्या वावरात भेगा पडायच्या, लहानपणी मी खांद्यापर्यंत हात घालायचो आणि आई मागून ओरडायची, साप असेल. पहिला पाऊस त्या भेगांतून थेट पाताळात जायचा, वर डबकंसुद्धा नाही. दोन-तीन पाऊस झाले की माती फुगून भेगा मिटायच्या, आणि मग तेच वावर पाणी आत घ्यायला तयार नसायचं. चप्पल चिखलात राहायची आणि पाय वर यायचा.

त्या वावरात वडलांनी विहीर खोदली तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. कातळ लागला आणि घरात सुतक आल्यासारखं झालं. महाराष्ट्राचा हा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि लाव्हा निवताना ज्या थरात वाफेचे बुडबुडे अडकले तो थर भोकाभोकांचा झाला, जिथं नाही अडकले तिथं लोखंड. विहीर खणणारे म्हणाले, धीर धरा, खाली मांजऱ्या लागेल. मांजऱ्या म्हणजे तो भोकांचा, ठिपक्याठिपक्यांचा खडक. बरीच भोकं मागाहून पांढऱ्या गारांनी भरून गेलेली असतात. पण तो कातळापेक्षा मऊ, झिजतो, फुटतो, आणि फटी-सांध्यांतून पाणी घेऊन येतो. अठ्ठेचाळीस फुटांवर सुरुंगाचा आवाज बदलला. वर आलेल्या टोपलीत जांभळट, पांढऱ्या डोळ्यांचे दगड होते आणि ते ओले होते. वडलांनी त्यातला एक उचलून जिभेला लावला. मला वाटलं ते खातायत. तो दगड अजून गावच्या देव्हाऱ्यात आहे, आणि विहीर मार्चमध्येच कोरडी पडते.

बायकोचं माहेर यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. तिथली माती आमच्यापेक्षा अगदी निराळी. डोंगरातून नाले उतरतात ते गोटे, वाळू, खडी घेऊन, आणि पायथ्याशी येताच ओझं टाकून देतात. त्याचाच जाड थर तिथं साचलाय. लग्नानंतर पहिल्यांदा पावसाळ्यात गेलो तेव्हा सासऱ्यांनी मला नाला दाखवायला नेलं. वर डोंगराच्या तोंडाशी पाण्याचा लोंढा, आवाज, फेस. दोन किलोमीटर खाली आलो तर नाल्यात नुसती ओली वाळू. "कुठं गेलं?" मी विचारलं. सासऱ्यांनी पायानं जमीन ठोकली. "प्यायली." त्या पिण्यावर रावेर-यावलची केळी उभी राहिली. पण जमीन जेवढी पिते त्याहून जास्त आपण नळी घालून ओढतो. सासऱ्यांच्या शेतात शेजारी-शेजारी चार बोअर आहेत, दर वेळी आधीच्यापेक्षा खोल, आणि त्यातल्या तिघांवर आता दगड ठेवलेत. तापीचं पुराचं पाणी कालव्यांनी या पायथ्याच्या पट्ट्यावर आणून मुरवायचं, अशी योजना कित्येक वर्षं ऐकतोय. २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशनं भोपाळला तिच्या करारावर सह्या केल्या. सासऱ्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "जमिनीला तहान आहेच जावईबापू. पाजणाऱ्याचं बघा."

असो, माठावर येतो.

आखाजीच्या चार दिवस आधी मी संध्याकाळी दुकान लवकर बंद करून कुंभारणीकडे गेलो. ही मावशी उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला बसते, मागे गोणपाटाचं छप्पर, पुढे माठ, घागरी, खापरं, बोळकी. मांड्यांचं खापर मागायला बायका लांबून येतात तिच्याकडे. तिला मी खरं काय ते सांगितलं, आणि रंग काढता येईल का विचारलं. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग शेजारच्या भाजीवालीकडे, मग दोघी हसल्या. "रंग दिधा का भाऊ? मंग तेना जीव कोंडाई गया." मी म्हटलं पॉलिश पेपरनं घासून बघितला. वरचा हात निघाला, पहिला निघत नाही. निघणार कसा, तो वर नव्हताच, आत होता. रंगवताना मला ज्याची गंमत वाटली होती तीच नडली. पाणी प्यायची सवय असलेल्या मातीनं त्याच वाटेनं ऑइल पेंटही पिऊन टाकला, काय पाजलं जातंय याची चौकशी न करता.

मावशीनं घागर काढून दिली, मी टिचकी मारली, खणखणीत वाजली. मग उगाच विचारलं, ही भोकं पडतात कशी, मुद्दाम पाडता का. तिनं मांडीवरचा हात उलटा केला आणि नखांतली माती दाखवली. मातीत लीद मिसळतात, राख मिसळतात, कुठं भुसा. चाकावर ती दिसत नाही. थापून थापून मडक्याचं पोट फुगवतात तेव्हाही दिसत नाही. आव्यात भाजताना मात्र ती जळते. "लीद जयी जास, तिनी जागा ऱ्हाई जास," मावशी म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी तिथंच उभा. हातात घागर, आणि डोक्यात हे की या एवढ्याशा अंगात किती गोष्टी जळून गेल्याच्या जागा आहेत, आणि आम्ही पाणी पितो ते त्या जागांच्या जिवावर. मागून स्कूटरवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा सरकलो. एक माठही घेतला. पैसे देताना ती म्हणाली, साबण लावू नका, नारळाच्या शेंडीनं घासा, आणि बोअरचं पाणी भरत असाल तर पुढच्या वर्षी पुन्हा या. क्षार बसून बसून भोकं आपोआप बुजतात, त्याला रंग लागत नाही. माठाच्या बाहेर पांढरी बुरशीसारखी खार दिसते ना, ती तीच. म्हणजे मी एका रविवारी जे केलं ते आमच्या बोअरचं पाणी दोन उन्हाळ्यांत करतंच. मला तेवढंच बरं वाटलं.

घरी आल्यावर नवी भांडी रात्रभर भिजत घालायची असतात. मोरीत बादलीत घागर बुडवली आणि बाहेर जाणार तेवढ्यात आवाज आला. सू... असा बारीक, कुणी दात ओठांत धरून श्वास घ्यावा तसा. दिवा लावून खाली वाकलो. घागरीच्या साऱ्या अंगातून मोहरीएवढे बुडबुडे सुटत होते, एकेका जागेवरून एकेक माळ, पाण्याच्या तोंडाशी येऊन फुटत होते. पोराला हाक मारली. तो मोबाइल हातात घेऊनच आला, मग तो खिशात घातला आणि उकिडवा बसला. आव्यात लीद जळली तेव्हापासून त्या जागांत हवा बसलेली, ती आता पाण्याला जागा देत होती. आम्ही दोघं पाच मिनिटं काही न बोलता ते बघत राहिलो. मग तो म्हणाला, "पप्पा, मी बाईंना सांगू का?" मी म्हटलं, "आधी पाच वेळा लिहून दे. मग सांग." त्यानं लिहून दिलं. सांगितलं की नाही ते मी विचारलं नाही.

आखाजीला घागर भरली. तिच्या तोंडावर पाण्यानं भरलेलं बोळकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, शेजारी आंबे आणि सांजोऱ्या. आजी-आजोबांच्या आणि वडलांच्या नावानं पाणी सोडलं. डांगराचा वास घरभर. दुपारी पुरणपोळी आणि रस खाऊन सगळे आडवे झाले, पत्ते खेळणारे खेळत बसले, आणि मी पाणी प्यायला उठलो तर देवापुढच्या घागरीखालचा पाट ओला झालेला. घागरीच्या पोटाला हात लावला. गार होती, आणि हाताला ओल आली.

रंगवलेला माठ गॅलरीत आहे. बायकोनं आधी त्यात मनी प्लांट लावला, पण तळाला भोक पाडलं नव्हतं, पाणी साचून मुळं सडली. आता त्यात कपड्यांचे चिमटे असतात. नवा माठ कोपऱ्यात जुन्या जागी, खाली स्टीलची ताटली, मागच्या भिंतीवर बशीएवढा डाग, चतकोर पोपडा सुटलेला. परवा दुकानातला एक जुना गिऱ्हाईक घरी आला, चहा पिताना त्याची नजर तिकडं गेली, आणि मी विषय काढायच्या आतच तो म्हणाला, "भाऊ, तुमच्याकडे पण?" मी म्हटलं, "माठ आहे तिथं." तो "हां, मग बरोबर" म्हणाला आणि पाणी मागितलं. एक पेला प्यायला, दुसरा मागितला.

सकाळी उठून पाहिलं तर ताटलीत पेलाभर पाणी जमलं होतं. बायकोनं ते उचलून तुळशीला घातलं आणि ताटली पुसून पुन्हा माठाखाली सरकवली.